सासूबाईंना घेऊन नाडकचेरीत जा

अक्का, नमस्कार.

मी बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या एका गावात राहते. वय ३८. मालक जाऊन तीन वर्षं होतील. शेत चार एकर. सासरे फौंड्रीत कामाला होते, त्या पगारातून त्यांनी १९८८ साली विकत घेतलेलं. सासरे २०१६ साली वारले. मृत्युपत्र नाही, उताऱ्यावर अजून त्यांचंच नाव आहे. घरात सासूबाई, मी, दहावीतली मुलगी आणि सातवीतला मुलगा. दीर-जाऊ शेजारीच वेगळे राहतात, नणंद खानापूर तालुक्यात दिली आहे. अर्धं शेत भावजी करतात, माझं अर्धं मी करते. भात आणि रताळी.

सोसायटीत गेले तर सेक्रेटरी म्हणाले, "उताऱ्यात तुमचं नाव कुठाय? नाव नाही तर कर्ज कुणाच्या नावावर घालू?" म्हणून दोन फायनान्सकडनं काढलं. ८० हजार फिरतंय, आठवड्याला १,४५० चा हप्ता. भावजी माणूस चांगले आहेत, मालकांच्या आजारपणात तेच दवाखान्यात बसून होते. ते म्हणतात, तुम्ही सगळ्यांनी सह्या करा, शेत माझ्या एकट्याच्या नावावर करू, मी बिनव्याजी कर्ज काढून त्यातले ५० हजार तुम्हाला देतो. मी माझं नाव लावायचा विषय काढला तर गाव म्हणणार, नवरा गेला आणि हिला लगेच वाटणी पाहिजे. कागद सगळे कन्नडमध्ये, मला वाचता येत नाहीत. काय करू?

– एक बहीण

ताई,

सगळ्यात आधी एक सांगते. भावजी म्हणतात त्या कागदावर सही करू नका, आणि सासूबाईंनाही करू देऊ नका. बाकीचं सावकाश वाचा, पण एवढं आजच मनाशी पक्कं करा.

भावजींना मी वाईट म्हणत नाही. पन्नास हजार देतो म्हणाले ते देतीलही. पण 'माझ्या एकट्याच्या नावावर करू' याला कचेरीत हक्कसोड म्हणतात. ती एकदा रजिस्टर झाली की तुमचा, सासूबाईंचा आणि नणंदेचा त्या चार एकरांशी कागदावरचा संबंध संपला. पुढच्या वर्षी भावजींचं मन बदललं, किंवा देव न करो, त्यांनाच काही झालं, तर तुम्ही जाऊबाईंच्या आणि पुतण्यांच्या मर्जीवर. मुलं तर अजून अज्ञान, म्हणजे अठराच्या आतली आहेत. त्यांचा हिस्सा कोर्टाच्या परवानगीशिवाय आईलासुद्धा सोडता येत नाही, १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्यातच तसं आहे. 'मुलांच्या वतीनं तूच कर सही' असं कुणी म्हणालं तर हे सांगा.

सेक्रेटरी जे बोलले ते वाक्य मला पाठ आहे. मी एका कृषी पत्तीन, म्हणजे शेतीकर्ज देणाऱ्या सोसायटीत १९ वर्षं लिखापढी केली आणि ते वाक्य मीही कितीतरी जणींना ऐकवलं आहे. कर्जवाटपाचा दिवस आठवतो. मे महिना, धूळवाफ पेरणीची घाई. नवरा माझ्या टेबलासमोर बसलेला, बायको बाहेर गोदामाच्या कट्ट्यावर युरियाची पोती मोजून घेत असायची. एखाद्या पोत्याची शिवण उसवलेली असली तर ते तिलाच दिसायचं. "भाताचं बियाणं किती लागंल?" म्हणून मी विचारलं की तो मान वळवून दाराकडं बघायचा, ती तिथूनच आकडा सांगायची, आणि मी तो आकडा त्याच्या नावापुढं लिहायची. माझ्या वहीत तिचं नाव यायचं ते वारसदाराच्या रकान्यात. आमच्याच सोसायटीत असं होतं असंही नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत सबंध देशात दर शंभर वहिवाटदारांमागं बायका जेमतेम १४ निघाल्या. नाव नाही म्हणून बाईला परत पाठवताना नाव कसं लावतात एवढं तरी मी सांगायला पाहिजे होतं. ते सांगितलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं, म्हणून तुम्हाला सविस्तर लिहिते.

आज रात्री जेवणं झाली की १६ चिंचोके घ्या आणि सासूबाईंच्या समोर बसा. चार एकर म्हणजे १६० गुंठे, एक चिंचोका म्हणजे १० गुंठे. सासऱ्यांनी शेत स्वतःच्या कमाईतून घेतलं होतं आणि मृत्युपत्र केलं नव्हतं, म्हणून २०१६ साली ते गेले त्या दिवशीच हिंदू वारसा कायद्यानं त्याचे चार सारखे वाटे झाले : सासूबाई, तुमचे मालक, भावजी आणि नणंद. प्रत्येकाला चार चिंचोके. लेकीचा वाटा काही नव्यानं आलेला नाही. बापाच्या स्वकष्टाच्या मिळकतीत १९५६ च्या मूळ कायद्यापासूनच लेकीला लेकाइतका हक्क आहे. मग तुमचे मालक गेले. त्यांचे चार चिंचोके पुन्हा चौघांत वाटा : तुम्ही, मुलगी, मुलगा आणि त्यांची आई. हो, मुलाच्या मिळकतीत आई पहिल्या वर्गातली वारस आहे, हे बहुतेकांना माहीतच नसतं.

आता ढीग मोजा. सासूबाई पाच. नणंद चार. भावजी चार. तुम्ही एक, मुलगी एक, मुलगा एक.

तुम्ही पत्रात 'माझं अर्धं' लिहिलं आहे. कायद्यानं तुमच्या नावाचे १० गुंठे आणि मुलांचे धरून ३० गुंठे. वाचून जीव खट्टू होईल, पण हे लपवून सल्ला देता येत नाही. आता सासूबाईंचे पाच तुमच्या तिघांच्या तीनाशेजारी सरकवा. झाले आठ. म्हणजे ८० गुंठे, दोन एकर, बरोब्बर तुम्ही कसता तेवढं. तुमचं अर्धं खरंच आहे, पण ते सासूबाई तुमच्या घरात आहेत म्हणून. आणि भावजी ज्याला 'सगळं' म्हणतात त्यातला त्यांचा चौथा हिस्सा. तुमच्या कुटुंबातल्या सगळ्यात मोठ्या जमीनदार तुमच्या सासूबाई आहेत, आणि माझी खात्री आहे की हे त्यांना आजवर कुणी सांगितलेलं नाही.

(शेत वडिलोपार्जित असतं तर मोजणी वेगळी झाली असती. तिथं लेकींना जन्मानं हक्क देणारी २००५ ची दुरुस्ती आणि त्यावरचा सुप्रीम कोर्टाचा २०२० चा निकाल लागतो. तुमच्याकडं १९८८ चं खरेदीपत्र असेल, ते शोधून ठेवा. तो कागद सोन्यासारखा जपा.)

आता वाटणीचं. गावात 'नाव लावणं' आणि 'वाटणी मागणं' हे एकच समजतात आणि तिथंच बायका अडतात. सासऱ्यांचं नाव जाऊन त्यांच्या सगळ्या वारसांची नावं एकत्र लागणं याला पौती खातं म्हणतात. त्यात बांध हलत नाही, मोजणीदार येत नाही, कुणाचा तुकडा वेगळा होत नाही. भावजी करतात ते शेत भावजीच करतील, तुम्ही तुमचं कराल. फक्त उताऱ्यावर मेलेल्या माणसाऐवजी जिवंत माणसांची नावं येतील. वाटणी हे पुढचं, वेगळं काम. त्याला ११-ई नकाशा, म्हणजे तुकडे दाखवणारा सरकारी मोजणीचा नकाशा लागतो, वाटणीपत्र रजिस्टर करावं लागतं. ते दहा वर्षांनी करा किंवा करूच नका, आज त्याचा विषय नाही. पौती खात्यात भावजींचाही फायदा आहे. आज उताऱ्यावर त्यांचंही नाव नाही. नाव असतं तर एकट्याच्या नावावर करायची गोष्ट त्यांनी काढली असती का? त्यांची अडचण आणि तुमची अडचण एकच आहे. त्यांच्याशी बोलायला सुरुवात इथूनच करा.

पण त्यांच्या आधी सासूबाईंशी बोला. एवढंच म्हणा, "आई, मला वाटणी नको. मामांचं नाव उतरवून तुमचं नाव लावूया, आणि त्याखाली आम्हा सगळ्यांची." सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २,००० घरची कर्ती बाई म्हणून त्यांच्याच खात्यावर येत असतील. म्हणजे सरकारदरबारी घरात त्या पुढं आहेतच. नणंदेलाही फोन करा, आणि लपवून काही करू नका. वंशावळीत लेकींची नावं गाळायची खोड आपल्याकडं जुनी आहे. 'ती दिली की तिकडं, तिचं कशाला' म्हणतात. तुम्ही गाळू नका. एक तर ते खोटं होईल. दुसरं, उद्या तुमच्या स्वतःच्या लेकीचं नाव कुणी तसंच गाळलं तर तुम्हाला बोलायला तोंड राहणार नाही. नणंदेला पुढं आपला हिस्सा भावांच्या मुलांना सोडायचा असेल तर तो तिनं समजून-उमजून, तिच्या मनानं सोडावा. नाव लागल्यावरच ती ते करू शकते.

लोक काय म्हणतील ते म्हणतील. पण आपल्या भागातल्या शेतकऱ्यांना हा विचार परका नाही. निपाणीच्या तंबाखू शेतकऱ्यांनी १९८१ साली ज्यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन केलं, त्या शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनंच पुढं महाराष्ट्रात लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली. बापई माणसांनी आपण होऊन घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमिनीचा तुकडा करून द्यायचा, अशी ती मोहीम. गावोगावच्या शेतकऱ्यांनी तसं करून दिलं. त्यांची घरं मोडली नाहीत. कट्ट्यावर कुणी टोमणा मारला तर भावजींनाच हे सांगू दे, निपाणीचं नाव काढलं की आपल्याकडची जुनी माणसं ऐकून घेतात.

कामाला लागायचं कसं ते लिहिते. पहिल्यांदा चालू सालचा उतारा काढा. तो कन्नडमध्ये येईल, घाबरू नका. तुमची मुलगी मराठी शाळेत असली तरी तिला कन्नड विषय आहे. तिला शेजारी बसवा आणि तीन रकाने वाचायला सांगा. नवव्या रकान्यात जमीनमालकाचं नाव असतं, तिथं सासरे दिसतील. अकराव्यात ऋण, म्हणजे बोजा. सासऱ्यांनी कधी सोसायटीचं कर्ज काढलं असेल तर ते तिथं असेल. फिटलेलं असेल तर दाखला घेऊन बोजा उतरवून घ्या. फिटलेलं नसेल तर रक्कम विचारून घ्या. ते देणं सासऱ्यांनी मागं ठेवलेल्या मिळकतीतूनच द्यायचं असतं, तुमच्या मंगळसूत्रावर कुणाचा हक्क नाही. बाराव्या रकान्यात शेत कोण करतं आणि पीक काय, ते असतं. मुलगी वाचत जाईल तसं तुमच्याही ध्यानात येईल की कचेरीची भाषा कन्नड असली तरी निम्मे शब्द ओळखीचे आहेत : पहाणी, खाते, वारसा, हिस्सा, गुंटे, तकरार. आमच्या सोसायटीतल्या कन्नड बायका आणि मराठी बायका याच शब्दांना सारख्याच भीत होत्या.

मग सासऱ्यांचा आणि मालकांचा मृत्यूचा दाखला, दोघांचेही. वंशावळ. सगळ्या वारसांची आधार कार्डं. हे घेऊन नाडकचेरीत, म्हणजे आपल्या भागातल्या महसूल कचेरीत, पौती खात्याचा अर्ज द्यायचा. महसूल खात्यानं अलीकडं मयतांच्या नावावर राहिलेल्या जमिनींसाठी खास मोहीम घेतली आहे, म्हणून तलाठ्यांना हे काम नवीन नाही. (त्यांचं सरकारी नाव बदललं आहे, पण गावात तलाठीच म्हणतात, तुम्हीही म्हणा.) अर्जाची पोच घ्या, त्यावरचा नंबर घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. नंतर नोटीस निघते, मुदतीत कुणी तकरार घातली नाही तर नोंद मंजूर होते. तकरार आली तर प्रकरण सुनावणीला जातं. तसं झालंच तर वकिलाच्या फीची काळजी करू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. कोर्टाच्या आवारात विधी सेवा समितीचं ऑफिस असतं, तिथं जायचं. तकरार नसली तरी माझी चिंचोक्यांची मोजणी तिथं एकदा दाखवून घ्या.

नावाच्या स्पेलिंगवर बारीक नजर ठेवा. आधारवर एक, रेशनकार्डावर दुसरं, उताऱ्यावर कन्नडमध्ये तिसरंच, असं आपल्याकडं घरोघरी आहे. माहेरचं नाव, सासरचं नाव, आडनाव पुढं की मागं, यातच कितीतरी जणींची कर्जं महिनोन्महिने अडकलेली मी पाहिली. अर्ज कॉम्प्युटरवर चढवताना मुलीला स्क्रीनकडं बघायला उभी करा.

आणि ही एक खूण कायमची लक्षात ठेवा. वारसा नोंदीला सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात जावं लागत नाही. 'वारसा करायला चल' म्हणून कुणी तिथं नेलं, फोटो काढायला बसवलं, अंगठा मशीनवर ठेवायला सांगितला, तर तो कागद वारशाचा नाही. उठून बाहेर या. मी नोकरीत असताना एक बाई सोसायटीत रडत आली होती. तिला वाटत होतं की आपलं नाव लागलं, आणि तिच्या हातातल्या कागदावर तिनं हक्क सोडला असं लिहिलेलं. कागद कन्नडमध्ये होता म्हणून ती फसली असं नाही, मराठीत असता तरी तिला कुणी वाचून दाखवला नसता. फसली ती घाईनं. वाचून दाखवल्याशिवाय आणि झेरॉक्स हातात घेतल्याशिवाय सही नाही, हे घरातल्या माणसालासुद्धा सांगायला लाजू नका.

भाषेचं आणखी थोडं. राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत गाऱ्हाणं मांडायचा हक्क राज्यघटनेच्या ३५० व्या कलमानं प्रत्येकाला दिला आहे. तेव्हा तक्रार करायची वेळ आली तर मराठीत लिहायला कचरू नका. हा हक्क मला फार मोलाचा वाटतो. पण रोजच्या अर्जाचा छापील नमुना कन्नडमध्ये आहे म्हणून तुमचं काम दोन हंगाम थांबावं, हे मला पटत नाही. नमुना कन्नडमध्ये भरून घ्या, सही मराठीत करा.

नाव लागलं की कर्जाचं. शेती खात्याच्या रयत संपर्क केंद्रात आधार, पासबुक आणि नवा उतारा नेऊन फ्रूट्समध्ये, म्हणजे शेतकऱ्यांच्या सरकारी यादीत, नोंदणी करा. एफआयडी, म्हणजे शेतकरी ओळख नंबर मिळेल, पीककर्जाला तो लागतो. मग सोसायटी. सभासद होण्याचा अर्ज लेखी द्या आणि शेअर्स घ्या, सासूबाईंनाही सभासद करा. सहकारी संस्थांमार्फत मिळणाऱ्या बिनव्याजी अल्पमुदतीच्या पीककर्जाची मर्यादा राज्य सरकारनं २०२३ च्या बजेटमध्ये ३ लाखांवरून ५ लाख केली. वेळेत फेडलं तरच बिनव्याजी, हे विसरू नका. ५ लाख म्हणजे सगळ्यांना ५ लाख असंही नाही. दर एकरी कुठल्या पिकाला किती द्यायचं ते जिल्ह्याची समिती दरवर्षी ठरवते, आणि तुमच्या गुंठ्यांवर तो हिशेब होतो. म्हणून तर मी सासूबाईंना सोडू नका म्हणते. ३० गुंठ्यांवर हातात फार येणार नाही. दोघींनी मिळून अर्ज केला तर दोन एकरांची गोष्ट होते. सामायिक उताऱ्यावर बाकीच्या वारसांचं संमतीपत्र मागतील. तेव्हा भावजी आणि नणंद लागतीलच, म्हणून आत्तापासून सगळं गोडीनं.

सोसायटीत पैसा नसेल किंवा टोलवाटोलवी झाली तर बँकेत किसान क्रेडिट कार्डाचा अर्ज द्या. (तुमच्या भागातली विकास ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून कर्नाटक ग्रामीण बँकेत गेली, पाटी बदललेली दिसेल.) ३ लाखांपर्यंत ७ टक्के व्याज, वेळेत भरलं तर ३ टक्के सूट, म्हणजे ४ टक्के पडतं. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेतीकर्जाला जमीन गहाण किंवा जामीन मागायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मॅनेजर तोंडी 'नाही होत' म्हणाले तर शांतपणे म्हणा, "साहेब, अर्ज घ्या, पोच द्या, आणि नाकारायचा तर कारण लिहून द्या." हे वाक्य मुलीकडून कन्नडमध्ये पाठ करून घ्या. त्यांनी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं फुकट दाद मागता येते, फोन १४४४८.

आता फायनान्स. तुम्हाला दोष देत नाही. दार बंद असलेल्या बाईला जे दार उघडं दिसलं त्यात ती गेली. पण हिशेब बघा. सोसायटीचे ५० हजार वर्षभर वापरून वेळेत फेडले तर व्याज शून्य. बँकेचे वापरले तर २,००० रुपये. फायनान्सचे २४ टक्क्यांनी घेतलेत असं धरलं तर आठवड्याला फेडत जाऊनसुद्धा व्याज सहा हजारांच्या वर जातं. पण व्याजापेक्षाही वाईट तो हप्ता. रताळ्याचा वेल लावून जमिनीला धरायचा असतो, तेव्हाच पहिला हप्ता दारात. पीक चार-पाच महिन्यांनी येणार आणि परतफेड पुढच्या आठवड्यात सुरू. मग हप्ता जातो मजुरीतून, दुधातून, मुलांच्या वह्यांतून. पीककर्ज पीक आल्यावर फेडायचं असतं, शेतकऱ्याला परवडतं ते तेवढ्यासाठी.

तिसरं फायनान्स काढून पहिली दोन भागवू नका, कितीही गोड बोलले तरी. दोन्हींकडून कर्जाचं कार्ड मागून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ते तुम्हाला समजणाऱ्या भाषेत, म्हणजे तुमच्यासाठी मराठीत असायला पाहिजे. मुदतीआधी पैसे भरले म्हणून दंड लावता येत नाही. तेव्हा रताळ्याचा पैसा आला की ज्याचं व्याज जास्त ते आधी पुरं करा. वसुलीवाल्यांनी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही, दमदाटी तर अजिबात नाही. आणि बिननोंदणीच्या, बिनपरवान्याच्या सावकारांच्या जाचाविरुद्ध कर्नाटकनं २०२५ मध्ये कायदा केला आहे, त्यात १० वर्षांपर्यंत कैद आहे. तसं कुणी दारात आलं तर पोलीस स्टेशनला जा, सोबत सेंटरच्या, म्हणजे तुमच्याबरोबर हप्ता भरणाऱ्या, चार बायका घेऊन जा. गावात संजीविनी या सरकारी योजनेचा बचत गट असेल तर त्यात नाव घाला. गटाला ३ लाखांपर्यंत ७ टक्क्यांनी बँकेचं कर्ज मिळतं, आणि उताऱ्यावर नाव लागेपर्यंतचे महिने त्यातून निभावता येतील.

हे सगळं एका दमात होणार नाही. या आठवड्यात फक्त चिंचोके, सासूबाईंशी बोलणं आणि उतारा. पुढच्या आठवड्यात नणंदेला घरी बोलवा, भावजी आणि जाऊबाईंनाही जेवायला बोलवा, आणि सगळ्यांच्या समोर मुलीला उतारा वाचू दे. नाडकचेरीत जायचा दिवस त्यानंतर ठरवा.

जायच्या आधी एक बघून घ्या. रताळी काढून काढून सासूबाईंच्या बोटांच्या रेषा झिजल्या असतील. अशा बायकांचा अंगठा मशीन घेत नाही, मग रांगेतून परत पाठवतात. त्यांच्या आधारला मोबाईल नंबर जोडला आहे का ते आधीच तपासा, म्हणजे ओटीपीवर काम होईल. नंबर तुमच्या मालकांचा जोडलेला असेल आणि ते सिम बंद पडलं असेल, तर पहिली फेरी त्यासाठी मारा.

तुमची,
अक्का